अकरा पडद्यांवरची लुकलुकणारी रेघ

बंद पडलेला संगणक आणि अडकलेला संगणक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझे आजवरचे काम बहुतेक दुसऱ्या प्रकारातले आहे. बंद पडलेला संगणक सरळ असतो. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. वायर तपासायची, भाग बदलायचा, की काम संपले. अडकलेला संगणक मात्र काम चालू असल्याचा आव आणतो. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहते, पंखा घोंघावत राहतो आणि समोरच्या माणसाला ठरवता येत नाही, की आणखी पाच मिनिटे थांबावे की सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘कामातले अनुभव लिहा’ असे कळवले, तेव्हा मी क्रमाने लिहिणार नाही हे आधीच सांगून टाकले. माझ्या नोकऱ्यांची यादी वाचण्यात कुणाला रस नसणार, मलाही नाही. मला एका गुरुवारपासून सोमवारपर्यंतच्या पाच दिवसांविषयी लिहायचे आहे. त्या पाच दिवसांत माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक यंत्राच्या बाबतीत आणि एक माणसाच्या. यंत्राची चूक दुरुस्त करायला एक दुपार पुरली.

लातुरात मी एका खासगी शिकवणी संस्थेत संगणक शिकवत होते. हे शहर बाहेरच्या वाचकाला एका वाक्यात सांगायचे तर, इथे खानावळीच्या पाटीवर जेवणाच्या वेळा बॅचच्या वेळा बघून लिहितात. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, त्यात गुण कमी पडले की पुन्हा एक वर्ष, म्हणजे ‘रिपीट’, आणि तरीही कमी पडले की आणखी एक. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली आणि पुनर्वसनाच्या गावात वाढलेली मुलगी मी. आमच्या घरात मोजमापाला फार मान. माझे वडील आजही कुणाच्या घरी गेले की पाणी घेण्याआधी छताकडे बघतात आणि तुळईला किती सळया आहेत ते विचारतात. भौतिकशास्त्र मला त्या सवयीतूनच आवडले असावे. नांदेडला एम. एस्सी. केले, तिथेच प्रोग्रामिंग शिकले आणि लातुरात परत येऊन संस्थेच्या संचालकांसमोर एक प्रस्ताव ठेवला: दोनदा परीक्षा देऊन थकलेल्या मुलींसाठी प्रोग्रामिंगची एक बॅच.

संचालकांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणत असू. सर हिशेबी होते, पण वाईट नव्हते. त्यांनी एकतीस जुने संगणक, एक खोली आणि एक वर्ष दिले. वर्षाच्या शेवटी पुण्याची एक लहान कंपनी आमच्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला तयार झाली. रविवार ठरला. त्यानंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावले.

“कदम मॅडम, भावना बाजूला ठेवू. ही खोली म्हणजे माझ्या साठ खुर्च्या. पुण्यावाल्यांनी निदान तीन मुली घेतल्या, तर खोली तुमची. नाही घेतल्या, तर सोमवारी इथं बाकं येतील आणि या एकतीस मुली रिपीटर बॅचला बसतील. त्यांच्या पालकांशी माझं तसंच बोलणं झालंय.”

वर्गात मी हे सांगितले. इस्लापूरची रेणुका जाधव म्हणाली, “मॅडम, मी दोन वर्षं तीच पुस्तकं वाचून राहिले. बेडकाचं हृदय आता स्वप्नात येऊन राहिलं. तिसऱ्यांदा न्हाई.” सगळ्या हसल्या, पण त्या हसण्यात दम नव्हता.

आता थोडे कामाविषयी. पायथन ही संगणकाची भाषा आहे. तिच्यासोबत वेगवेगळ्या कामांची तयार साधने मिळतात: एक तक्ते वाचायला, एक आलेख काढायला, अशी. या साधनांच्या आवृत्त्या बदलत राहतात, आणि एका कामाला लागणारी आवृत्ती दुसऱ्या कामाला चालत नाही. म्हणून प्रत्येक कामासाठी संगणकात एक वेगळी, बंदिस्त जागा करायची पद्धत आहे. तिथली साधने तिथेच राहतात, बाहेरची आत येत नाहीत. तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मी वर्गात हे समजावताना वसतिगृहातल्या लोखंडी पेटीचे उदाहरण दिले होते: प्रत्येकीची पेटी वेगळी, साबण आपला, चिवडा आपला, कुलूप आपले. त्या दिवसापासून मुलींनी तो लांबलचक शब्द सोडला आणि ‘पेटी’च म्हणू लागल्या.

कंपनीने परीक्षेसाठी लागणाऱ्या साधनांची यादी पाठवली होती. रविवारी दहा वाजता एकतीस संगणकांवर त्या यादीप्रमाणे एकतीस पेट्या तयार हव्यात, एवढीच माझी जबाबदारी होती.

इथे मी अगदी लातूरच्या पद्धतीने वागले. आमच्या शहरात हुशारीचे काम एकदाच होते. नंतर झेरॉक्स होते. एका मुलाची जीवशास्त्राची वही चांगली असेल, तर आठवड्याभरात ती चार वसतिगृहांत पोचलेली असते, समासातल्या चहाच्या डागासकट. त्याच न्यायाने मी मुलींच्या एकतीस संगणकांखेरीज शिक्षकाच्या टेबलाखाली असलेल्या संगणकावर, ज्याला आम्ही पहिला संगणक म्हणायचो, एक मूळ पेटी तयार केली. पायथनही तिथेच ठेवले, सगळ्या संगणकांना दिसणाऱ्या एका सामायिक फोल्डरमध्ये. मग त्या पेटीच्या हुबेहूब नकला एकतीस संगणकांवर टाकायला सांगितल्या.

हे टाकायचे काम खाजामामांनी केले. खाजामामा संस्थेचे शिपाई. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे नांदेडचे, पांढरी दाढी नीट कातरलेली. झाडलोट, चहा, प्रश्नपत्रिकांच्या प्रती, जनरेटर, सगळे तेच बघत. मी त्यांच्या हातात पेन ड्राइव्ह देऊन बजावले, “मामा, जसंच्या तसं. एक अक्षरसुद्धा बदलायचं नाही.”

“हाव मॅडम. जसं हाय तसंच.”

गुरुवारी सकाळी चौदा मुली बसल्या, दुपारी सतरा. सगळ्या पेट्या उघडल्या. मी सरांना जाऊन सांगितले, “काम झालं.”

शुक्रवारी दहा वाजता एकतीस जणी प्रथमच एकत्र बसल्या. कंपनीने आयत्या वेळी कळवलेली दोन साधने पेटीत भरायची आणि तयारीवर शेवटचा हात फिरवायचा, असा बेत होता. सगळ्यांनी एकदम आज्ञा दिली. पहिल्या रांगेत ओळी भराभर सरकल्या. मग मागून आवाज आला, “मॅडम, माझी पेटी उघडंना.”

“माझीबी.”

“माझं तर नुसतंच लुकलुक करतंय.”

मी फिरून पाहिले. काही पडद्यांवर काम पूर्ण झाले होते, काहींवर ती पांढरी रेघ होती. दहा मिनिटे थांबले. रेघ तशीच. सगळे संगणक बंद करून पुन्हा चालू केले, आणि साडेअकराला परत तेच. फक्त या वेळी अडकलेले संगणक वेगळे होते. मघाशी चाललेला तीन नंबर आता अडकला होता, आणि मघाशी अडकलेला नऊ नंबर मजेत चालत होता.

मी वही काढली आणि अडकलेल्या संगणकांचे क्रमांक लिहायला लागले. त्यात काही नियम असणार याची मला खात्री होती. एकाच रांगेतले? एकाच तारेवरचे? एकाच वर्षी घेतलेले? दोन प्रयत्नांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहूनही काही जुळेना. नेटवर्कच्या तारा काढून पुन्हा बसवल्या. विषाणूरोधक प्रणाली तपासली. दुपारी तीनला तिसरा प्रयत्न केला. आणखी वेगळे संगणक अडकले.

अशा वेळी माणूस मागच्या यशाचा आधार शोधतो. नांदेडला शिकत असताना मी छपाईची कामे करणाऱ्या एका दुकानात असाच अडकलेला सेटअप सोडवला होता. तिथे मी अर्धा दिवस घालवला आणि अखेर लक्षात आले, की पडद्यावरची तारीख चार वर्षे मागची आहे. दुकानदाराने मराठी टंकलेखनाचे एक मुदतीचे सॉफ्टवेअर घेतले होते आणि त्याची मुदत संपू नये म्हणून सगळ्या संगणकांची तारीखच मागे नेऊन ठेवली होती. इंटरनेटवरून साधने घेताना समोरची बाजू आपले ओळखपत्र दाखवते. त्यावरची तारीख या संगणकाला भविष्यातली वाटे आणि तो व्यवहारच नाकारी. मी तारीख दुरुस्त केली, तर दुकानदार कळवळून म्हणाला होता, “मॅडम, तारीख पुढं केली की माझं मराठी बंद पडतंय!”

ती गोष्ट मी पुढे अनेकांना रंगवून सांगितली होती. बहुधा म्हणूनच ती मला शुक्रवारी नको तेव्हा आठवली. खाजामामा आमच्याच संगणकांवर सरांच्या मराठी प्रश्नपत्रिका छापत. त्यांनीही कशासाठी तारीख मागे नेली असेल, असे वाटून मी तारखा तपासल्या. अडकलेल्यांपैकी तीन संगणकांची तारीख खरोखरच एक दिवस मागे होती. आतली छोटी बॅटरी उतरली की असे होते, आणि हे मला माहीत होते. पण त्या क्षणी मला कारण नको होते, दोषी हवा होता.

खाजामामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

“मामा, तारखेला हात लावलात का? खरं सांगा.”

“न्हाई मॅडम.”

“मग पेट्या टाकताना काही बदललंत? मी एक अक्षर बदलायचं नाही म्हणाले होते.”

“न्हाई बदललं.”

“मग आपोआप झालं का? परवा परीक्षा आहे. एवढं साधं काम सांगितलं होतं तुम्हाला.”

वर्गात एकतीस मुली होत्या. मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. त्या पडद्यांवरून एकदा नजर फिरवून ते म्हणाले, “मॅडम, मशीन बदलून राहिलं, पर आकडा बदलत न्हाई.”

“कसला आकडा?”

“सकाळी अकरा अडकले. मंग अकरा. आत्ताबी अकराच.”

“मामा, प्लीज. मला विचार करू द्या,” मी म्हणाले. ते ट्रे उचलून गेले.

मुलींना वसतिगृहात पाठवून मी वही घेऊन बसले. तीन प्रयत्न, तीन स्तंभ, आणि स्तंभांत संगणकांचे क्रमांक. कोणते अडकले हे मी काटेकोर लिहिले होते. किती अडकले हे एकदाही लिहिले नव्हते. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याची वही परत दिली असती. मी बोटाने मोजले. अकरा. अकरा. अकरा.

शनिवारी सकाळी नऊला मुली आल्या. मी मामांनाही आत बोलावले, पण काय म्हणावे हे न सुचल्यामुळे नुसते “इथं थांबा” एवढेच म्हणाले. सगळ्यांनी पेट्या उघडल्या. वीस चालल्या, अकरा अडकल्या. रेणुकाची चालत होती. तिच्या मागे बसलेल्या देगलूरच्या समरीनची अडकली होती.

“रेणुका, तुझा संगणक पूर्ण बंद कर.”

“माझा? चालू हाय की तो, मॅडम!”

“म्हणूनच.”

तिने नाराजीने बटण दाबले. मी समरीनला पुन्हा आज्ञा द्यायला सांगितली. अर्ध्या मिनिटात तिच्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. समरीनला काही कळले नाही, पण ती जोरात ओरडली, “चल पडा!”

“आता रेणुकाचा चालू करा.” रेणुकाचा अडकला.

शेवटची खात्री करायला मी टेबलाखाली वाकून पहिला संगणक बंद केला. खोलीतल्या सगळ्या पेट्या एकदम थांबल्या.

वाचकांसाठी उलगडा असा: मी पेटीची नक्कल सगळीकडे टाकली होती, पण प्रत्येक पेटीच्या आत एक पत्ता लिहिलेला असतो, की आपले मूळ पायथन कुठे आहे. नकला हुबेहूब असल्यामुळे एकतीस पेट्यांत एकच पत्ता होता, तो पहिल्या संगणकाचा. म्हणजे पेट्या एकतीस खोल्यांत, आणि किल्ली मात्र एकाच खोलीत टांगलेली. त्या पहिल्या संगणकाची प्रणाली साधी होती. ती एका वेळी बाहेरच्या वीसच संगणकांना आत घेते. एकविसावा दाराशी थांबतो. कोणते वीस आधी पोचतील हे दर वेळी वेगळे, म्हणून अडकणारे संगणक बदलत होते. गुरुवारी चौदा आणि सतरा मुली बसल्या, तेव्हा दार पुरेसे रुंद होते. खाजामामांनी एक अक्षरही बदलले नव्हते. दोष नेमका तिथेच होता, आणि ती आज्ञा माझी होती. आमच्या घरी चूल नव्या गावात आणि कागदांवरचा पत्ता कितीतरी वर्षे जुन्या गावाचा होता. हे कोडे इतर कुणाच्याही आधी मला सुटायला हवे होते.

उपाय स्पष्ट होता. नक्कल चालणार नव्हती. प्रत्येक संगणकावर पायथन वेगळे बसवायचे आणि पेटी तिथल्या तिथे, नव्याने तयार करायची. वेळ सकाळी दहाची, आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाई सहाला फाटक लावणार. एकतीस वेळा हे काम मी एकटीने करणे शक्य नव्हते. मी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या आणि म्हणाले, “आज मी कुणाच्याही की-बोर्डला हात लावणार नाही. आपली पेटी आपण करायची.”

“चुकलं तर?” समरीनने विचारले.

“चुकलं तर पुसायचं आणि परत करायचं. आज चुका, उद्या नको.”

पेन ड्राइव्ह तीनच होते. एकीचे काम झाले की ती पुढचीला देई. मामा रांगांमधून फिरत कुणाचे कुठवर आले ते हजेरीपटावर पेन्सिलीने टिपत होते. मी न विचारताच मला आकडा कळत होता.

“मॅडम, नऊ झाले.”

“चौदा झाले. सतरा नंबरवाली तिसरी ओळ चुकवून राहिली.”

“मामा, माझं नाव सांगू नका ना!” सतरा नंबरवाली ओरडली.

“नाव कुठं सांगितलं? नंबर सांगितला.”

जेवणाला कुणी गेले नाही. मामांनी समोरच्या गाड्यावरून भजी आणली, आणि मी तेलकट हात पुसल्याशिवाय की-बोर्डला लावू नका असे ओरडत फिरले. चार वाजता एकोणतीस पेट्या उभ्या होत्या. उरलेल्या दोन संगणकांची हार्ड डिस्क इतकी भरलेली आणि जुनी होती, की त्यांचा नाद सोडला. त्या दोघींसाठी माझा लॅपटॉप आणि कार्यालयातला एक संगणक आणला. पावणेपाचला मी टेबलाखालचा पहिला संगणक बंद केला आणि सगळ्यांना एकदम आज्ञा द्यायला सांगितले. मामा भिंतीशी उभे राहून ओठ हलवत मोजत होते.

“एकतीस,” ते म्हणाले.

रविवारी पुण्याहून परीक्षक आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पावसाच्या नोंदींचा एक तक्ता दिला, मुद्दाम बिघडवलेला: कुठे आकडे गायब, कुठे दोनदा. दोन तासांत तो स्वच्छ करून त्यावरच्या काही प्रश्नांची उत्तरे काढायची होती. सर अधूनमधून दाराच्या काचेतून डोकावून जात. शेजारच्या सभागृहात दुपारच्या सभेसाठी पालक जमत होते.

पाऊण तास झाला आणि वीज गेली.

पडदे काळे झाले. मामा जिन्याने धावत खाली गेले. दोन-तीन मिनिटांनी जनरेटर धडधडला आणि संगणक एकेक करून उजळू लागले. टेबलाखालच्या पहिल्या संगणकावर मी परीक्षेचा वेळ लावून ठेवला होता. तो मात्र पुन्हा चालू झालाच नाही. त्यातून जळका वास आला. दोन दिवसांपूर्वी हा वास आला असता, तर खोलीतली प्रत्येक पेटी त्याच्याबरोबर मेली असती. आता कुणी तिकडे पाहिलेही नाही. मुलींनी आपापल्या पेट्या उघडल्या, शेवटचे जतन केलेले काम शोधले आणि पुढे लिहू लागल्या. दोघींचे थोडे काम गेले होते. समरीनने एक शिवी तोंडातल्या तोंडात गिळली आणि परत टाईप करायला घेतले.

परीक्षकांनी रेणुकाजवळ थांबून विचारले, “हे सेटअप कुणी केलं?”

“ज्याचं त्यानं,” रेणुका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

चार मुली निवडल्या गेल्या. समरीन त्यांत होती. रेणुका नव्हती, ती पाचवी होती आणि जागा चारच होत्या. मी तिला शोधत गेले, तर ती पाण्याच्या टाकीजवळ उभी होती.

“मॅडम, चार झाल्या म्हंजे खोली ऱ्हाती ना?”

“राहते.”

“म्हंजे रिपीट न्हाई?”

“नाही.”

“मंग झालं.” तिने तोंडावर पाणी मारले. “पुढल्या बारीला बघते मी त्या पुण्यावाल्यांकडं.” (तिने बघितले. सहा महिन्यांनी ती गेली.)

दुपारी पालकसभेत सर उभे राहिले. सुरुवातीलाच त्यांनी शनिवारचा प्रसंग सांगितला. “आमच्या कदम मॅडमनी भौतिकशास्त्राच्या डोक्यानं नेमका बिघाड हुडकला,” ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मामा सभागृहाच्या मागच्या दाराशी, जनरेटरच्या तेलाने माखलेले हात फडक्याला पुसत उभे होते. तेही टाळ्या वाजवू लागले. मला उठून एक वाक्य बोलायचे होते: आकडा त्यांनी पकडला. वाक्य तयार होते, माईक दोन हातांवर होता. मी मान लववली आणि बसून राहिले. महत्त्वाकांक्षी माणसाला असे क्षण फार लवकर ओळखता येतात आणि तो ते सोडत नाही. एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकते, आणि ते माझ्या बाजूचे नाही.

सोमवारी सकाळी बाकं आली नाहीत. आठ वाजता वर्ग भरला तेव्हा मी मामांना आत बोलावून दार लावून घेतले.

“शुक्रवारी मी तुमच्या सगळ्यांसमोर मामांवर आळ घेतला,” मी मुलींना म्हणाले. “चूक माझी होती. अकराचा आकडा मामांनी पकडला आणि मी ऐकलं नाही. काल सरांनी माझं नाव घेतलं, तेव्हाही मी गप्प बसले. सभेनंतर त्यांना जाऊन सांगितलं, पण ते सभेतच सांगायला हवं होतं.”

मामा अस्वस्थ झाले. “मॅडम, पोरींसमोर कशाला हे?”

“कारण शुक्रवारीही पोरींसमोरच झालं होतं.”

 मामांनी फडके खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकले. जायला वळले आणि थांबले.

“मॅडम, पोरी पुण्याला गेल्यावर चार खुर्च्या खाली होतील ना?”

“होतील. समरीन तर आज सामान बांधतेय.”

“मंग एकीवर मी बसू का? झाडलोट साताच्या आत करून घेतो. चहाबी मधी देऊन जाईन.”

वर्गात खुसखुस झाली. रेणुका म्हणाली, “मामा, पेटी ज्याची त्यानं करायची असती बरं का. मॅडम हात लावत न्हाईत.”

“मालूम हाय. शनवारी एकतीस वेळा बघून ऱ्हायलो व्हतो.”

ते समरीनच्या खुर्चीत बसले. फळ्यावरच्या पाच ओळी अजून पुसलेल्या नव्हत्या. मामांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले, मनगटे सैल केली आणि दहाही बोटे की-बोर्डवर ठेवली. मग जो आवाज सुरू झाला, त्याने आजूबाजूच्या मुली टाईप करायच्या थांबल्या. ते की-बोर्डकडे पाहत नव्हते. पाच ओळी, एकही चूक नाही, माझ्या निम्म्या वेळात.

“मामा, हे कुठं शिकलात?”

“नांदेडला वजिराबादेत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट व्हती. अठरा मशीन. मराठी, इंग्लिश, उर्दू, तिन्ही. कॉम्प्युटर आले, मंग बंद केली.” ते सहज बोलले, जणू दुसऱ्याच कुणाविषयी.

“वर्षभर तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही इचारलं कुठं?”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी टेबलाशी गेले, हजेरीपट उघडला, एकतीस नावांखाली एक नवी रेघ आखली आणि पेन हातात धरून थांबले. मग मागे वळून मला त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारावे लागले.